२१ हजार सह्या आणि हवाईचं बुडवलेलं राज्य

१८९७ साली हवाईच्या बेटाबेटांवर अर्जाचे छापील कागद फिरत होते. मजकूर हवाईयन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होता आणि खाली नाव आणि वय लिहायला रकाने होते. मागणी एकच होती : आमचा देश अमेरिकेत विलीन करू नका. थोड्या आठवड्यांत २१ हजारांहून अधिक सह्या गोळा झाल्या. सगळ्या बेटांवर मिळून मूळ हवाईयन माणसं तेव्हा ४० हजारांच्या आसपास उरली होती, हे ध्यानात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. सह्या करणाऱ्यांत बायका होत्या, म्हातारे होते, शाळकरी वयाची पोरंही होती. हवाईच्या लोकांनी अमेरिका आपखुशीने पत्करली, असं पुढे कित्येक दशकं शाळांतून शिकवलं गेलं. हे कागद मात्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होते. संशोधिका नोएनोए सिल्वा यांनी १९९६ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले.

हे राज्य फार जुनं नव्हतं. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं इथे आली, तेव्हा प्रत्येक बेटावर वेगवेगळे सरदार राज्य करत होते. हवाई नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावरच्या कामेहामेहाने १७९५ मध्ये ओआहू बेट जिंकलं. १८१० मध्ये काउआई बेटाच्या राजाने त्याचं वर्चस्व मान्य केलं आणि सगळी बेटं एका छत्राखाली आली. पण कुकच्या जहाजांतून गुप्तरोग आले आणि पुढच्या परदेशी जहाजांतून गोवर आणि देवीही आल्या. कुकच्या वेळची वस्ती तीन लाखांहून कमी नसावी, असं अनेक अभ्यासक मानतात. सुमारे एकशेवीस वर्षांत ती कुठवर आली, हे वरच्या आकड्यात दिसतंच. दुसरा कामेहामेहा आणि त्याची राणी १८२४ मध्ये लंडनला गेले आणि तिथेच गोवराने वारले. पुढचं सगळं राजकारण या मरणकळेच्या सावलीत घडलं, हे विसरून चालणार नाही.

तरीही या लोकांनी जे करून दाखवलं, ते थक्क करणारं आहे. १८२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधून मिशनरी आले आणि त्यांनी हवाईयन भाषा रोमन लिपीत बसवली. दोन पिढ्यांतच साक्षरता इतकी पसरली की त्या भाषेत शंभरावर वृत्तपत्रं निघाली. १८४० मध्ये राज्याला लिखित घटना मिळाली. १८४३ मध्ये एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने परस्पर होनोलुलूचा ताबा घेतला. पाच महिन्यांनी, ३१ जुलैला, अॅडमिरल थॉमस यांनी तो रद्द करून राजाचा झेंडा पुन्हा वर चढवला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हवाईला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता दिली. सार्वभौम राष्ट्राकडे जे कागद असायला हवेत, ते सगळे हवाईकडे होते.

घात केला तो जमिनीच्या कागदांनी. जमीन ही विकायची वस्तू असते, ही कल्पनाच तिथे नव्हती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरणारा पट्टा, ज्याला ‘आहुपुआआ’ म्हणतात, तो गाव मिळून राबत असे. वरून येणारं पाणी तारोच्या, म्हणजे अळूच्या कंदाच्या, खाचरांत खेळवायचं आणि खाली मासे धरायचे. १८४८ च्या ‘माहेले’ने, म्हणजे वाटणीने, ही जमीन राजा, सरदार आणि सरकार यांच्या नावे झाली. दोन वर्षांनी कसणाऱ्यांनाही दावा लावायची मुभा मिळाली. पण मोजणी, साक्षीदार, मुदत हे सारं त्यांना नवं होतं. शेवटी सामान्य रयतेच्या वाट्याला एकूण जमिनीच्या एक टक्काही आली नाही. त्याच १८५० साली परदेशी लोकांना जमीन विकत घेता येऊ लागली. आपल्याकडे सातबाऱ्यावरचं एक नाव चुकलं तरी पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. इथे तर अख्ख्या लोकांचंच नाव उताऱ्यावर चढलं नाही.

त्या जमिनीवर ऊस उभा राहिला. मळ्यांसाठी चीन, जपान आणि पोर्तुगालच्या बेटांवरून करारावर मजूर आणले गेले. १८७५ च्या करारानुसार हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि मळेवाले गब्बर झाले. त्यांतले कित्येक जण मिशनऱ्यांचेच मुलगे आणि नातू होते.

त्या काळात गादीवर कालाकाउआ होता. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला राजा म्हणून त्याचं नाव घेतात. १८८१ च्या त्या दौऱ्यात तो जपान, चीन, सयाम करत कलकत्त्याला आला आणि तिथून आगगाडीने मुंबईला पोहोचला. मिशनऱ्यांनी दडपलेला हुला नाच त्याने राजदरबारात सन्मानाने परत आणला. त्याने बांधलेल्या इओलानी राजवाड्यात विजेचे दिवे व्हाइट हाऊसच्या आधी लागले. १८८७ मध्ये मळेवाल्यांच्या सशस्त्र गटाने त्याला नव्या घटनेवर सही करायला भाग पाडलं. लोक तिला ‘संगिनींची घटना’ म्हणतात. तिने राजाचे अधिकार काढून घेतले. मताधिकाराला मालमत्तेच्या आणि उत्पन्नाच्या अटी लागल्या आणि बरेचसे हवाईयन त्यातून गळले.

१८९० मध्ये अमेरिकेने साखरेवरची जकात सगळ्यांसाठीच उठवली आणि स्वतःच्या उत्पादकांना अनुदान दिलं. हवाईच्या मळेवाल्यांची सवलत एका फटक्यात गेली, आणि अमेरिकेतच सामील होण्याची निकड त्यांच्यातल्या अनेकांना वाटू लागली. पुढच्या वर्षी कालाकाउआची बहीण लिलिउओकलानी राणी झाली. लोकांचे अर्ज येत होते, म्हणून तिने जानेवारी १८९३ मध्ये नवी घटना आणायचं ठरवलं. तेवढं निमित्त पुरलं. राणीला हटवायला तेरा जणांची समिती स्थापन झाली. हवाईतले अमेरिकेचे राजदूत स्टीव्हन्स यांनी ‘बोस्टन’ युद्धनौकेवरचे दीडशेहून अधिक सैनिक शहरात उतरवले. १७ जानेवारीला राणीने रक्तपात टाळण्यासाठी गादी सोडली. पण तिने लिहून दिलं ते नेमकं होतं : मी या समितीपुढे नाही, अमेरिकेच्या वरचढ बळापुढे माघार घेते आहे.

अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी चौकशी लावली आणि हे कृत्य अन्यायाचं असल्याचं अमेरिकी काँग्रेसला कळवलं. बंडवाले हटले नाहीत, आणि त्यांना हटवलंही गेलं नाही. १८९५ मध्ये राजनिष्ठांचा उठाव फसला आणि राणीला तिच्याच राजवाड्यातल्या एका खोलीत कैद केलं. तिथे तिने आणि तिच्या सोबतिणींनी तुकडे जोडून शिवलेली गोधडी आजही राजवाड्यात पाहायला मिळते. १८९६ पासून शाळांतून हवाईयन माध्यम बाद झालं.

मग आल्या त्या सह्या. चार प्रतिनिधी त्या घेऊन वॉशिंग्टनला गेले. विलीनीकरणाच्या तहाला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागत होती, ती जमली नाहीत. कागद जिंकले होते. पण काही महिन्यांत स्पेनशी युद्ध पेटलं, पॅसिफिकमध्ये नौदलाचा तळ हवा झाला, आणि जुलै १८९८ मध्ये साध्या बहुमताच्या ठरावाने हवाई ताब्यात घेतली गेली. राज्याची सुमारे १८ लाख एकर जमीनही त्याबरोबर गेली.

१९२१ च्या कायद्याने त्यातली सुमारे दोन लाख एकर हवाईयनांच्या वसाहतीसाठी राखली. वर्षाला एक डॉलर भाडं, ९९ वर्षांचा पट्टा, आणि अट मात्र निम्म्या हवाईयन रक्ताची. यादीत नाव असलेली कित्येक माणसं वाट पाहता पाहता गेली. भाषेचं नशीब थोडं बरं निघालं. १९७८ मध्ये ती राज्याची अधिकृत भाषा झाली आणि १९८० च्या दशकात पालकांनी तिच्यात बालवाड्या सुरू केल्या. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राजसत्ता उलथवण्यातल्या वाट्याबद्दल माफी मागितली. त्या ठरावात जमीन परत करण्याचा शब्द नाही.

१८४३ मध्ये राज्य परत मिळाल्यावर तिसरा कामेहामेहा जे म्हणाला, ते आज अमेरिकेच्या हवाई राज्याचं ब्रीद आहे : ‘उआ माउ के एआ ओ का आइना इ का पोनो’, भूमीचं ‘एआ’ धर्माने टिकून आहे. इंग्रजीत ‘एआ’चा अर्थ ‘जीवन’ असा लावतात. हवाईयनमध्ये त्याचा अर्थ श्वास होतो, तसाच सार्वभौमत्व असाही होतो. दर ३१ जुलैच्या सुमारास होनोलुलूच्या थॉमस चौकात लोक जमतात, राज्याचा झेंडा चढवतात आणि तो शब्द या दुसऱ्या अर्थाने उच्चारतात.