गाडी थांबते, पण उतरायचं नाही: दूधसागर आणि कुळेच्या वाटेची पार्श्वभूमी

पावसाळा लागला की गोवा-कर्नाटक सीमेवरच्या घाटात, दूधसागर धबधब्यापाशी गाडीतून उतरू नका, रुळांवरून चालू नका, अशा सूचना निघतात. पुणे, कोल्हापूर, बेळगावकडच्या ट्रेकर मंडळींत मग तोच प्रश्न फिरू लागतो: गाडी तिथे थांबते, मग उतरायचं का नाही? या प्रश्नाचं उत्तर धबधब्यात नाही, घाटातल्या रेल्वेत आहे.

घाटाच्या पायथ्याचं गोव्यातलं कुळे आज धबधब्याचं दार म्हणून ओळखलं जातं. त्याआधी ते सरहद्दीचं ठाणं होतं. घाटाखालची वाट जुनीच, तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेव मंदिर त्याच अंगाला आहे. पण कुळेचं नशीब ठरलं ते 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात. गोव्याला मुरगावचं बंदर आणि घाट चढून जाणारी रेल्वे मिळणार, त्या बदल्यात जकात आणि मिठाचा ताबा इंग्रजांकडे जाणार, असा तो व्यवहार. गोव्यातल्या मिठागरवाल्यांना तो फार महागात पडला. 1892 मध्ये करार संपला, रेल्वे मात्र राहिली. 1888 पर्यंत मुरगावपासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज (अरुंद रुळांचा) मार्ग पुरा झाला होता. वर कॅसलरॉकला इंग्रजांची हद्द, खाली कुळेला पोर्तुगीजांची जकात, आणि मध्ये सुमारे 26 किलोमीटरचा घाट. 1955 च्या नाकेबंदीत ही वाहतूक थांबली, ती गोवामुक्तीनंतर पुन्हा जोडली गेली.

या घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. रस्त्याच्या हिशेबाने हे काहीच नाही, रेल्वेच्या हिशेबाने फार आहे. म्हणून चढताना मागून ढकलणारी जादा, म्हणजे बँकर इंजिनं लावतात आणि उतरताना ब्रेक तपासायला गाडी मध्ये थांबवतात. दूधसागरचा थांबा त्यातलाच. तो प्रवाशांसाठी नव्हे, गाडीसाठी ठेवलेला आहे. रेल्वेच्या भाषेत तांत्रिक थांबा. तिथे नेहमीच्या स्थानकासारखा फलाट नाही. आहे ती खडी, सिग्नल, एक छोटी इमारत आणि पाटी. पाटीवर गावाचं नाव असतं तसं ‘दूधसागर’ लिहिलेलं, त्यामुळे लोकांनी त्याला स्टेशन मानलं. पुढचा सगळा गोंधळ या एका शब्दातून निघाला, असं माझं मत आहे.

कित्येक वर्षं त्या गोंधळाने कुणाचं अडलं नाही. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली, आणि पुण्याहून रात्रभर बसून थेट कुळेला किंवा कॅसलरॉकला उतरता येऊ लागलं. वरून उतरलं तर धबधबा साधारण 14 किलोमीटर, खालून चढलं तर 11. ज्यांनी ही चाल केली आहे त्यांना रुळांखालच्या आडव्या स्लीपरचं गणित पायात भिनलेलं असतं. एकेक धरून चाललं तर पाऊल आखडतं, एक सोडून चाललं तर ढांग लांब पडते, आणि ओल्या स्लीपरवरून घसरलं की गुडघा थेट खडीवर. बोगद्यात शिरताना कुणीतरी रुळाला कान लावायचा. मध्येच शिट्टी आली तर भिंतीतल्या कोनाड्यात पाठ टेकून उभं राहायचं. जळवांना तंबाखूची पुरचुंडी, पाणी कुठलंही. आणि मग वळणावर तो समोर येतो: 310 मीटर उंचीवरून चार टप्प्यांत उतरणारं पांढरं पाणी, आणि त्याच्या पोटातून गेलेला रेल्वेचा पूल.

गर्दी वाढली ती नंतर. 2013 मध्ये एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात गाडी नेमकी या पाण्यासमोर उभी राहिली, आणि ज्यांनी कधी ट्रेक केला नव्हता तेही रुळांवर आले. अपघात झाले, गाड्या खोळंबल्या. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली रुळांवर विनापरवाना जाणं हा गुन्हाच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कलम नव्याने आलं नव्हतं, त्याचा वापर नव्याने सुरू झाला. 2023 च्या जुलैत सांगे तालुक्यात दुसऱ्याच एका धबधब्यावर दोघे बुडाले, वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली, आणि त्या रविवारी दूधसागरकडे निघालेल्या शेकडो जणांना अडवलं गेलं. काहींना रुळांच्या कडेला उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ देशभर फिरला. धबधबा डब्यातूनच बघा, असं रेल्वेने सांगितलं.

इथे दोन बंद्या एकमेकींत मिसळल्या आहेत. रुळांवर चालण्यावरची बंदी रास्त आहे. एकेरी मार्ग, बोगदे, वळणं आणि मागून ढकलणारं इंजिन, अशा ठिकाणी हजार माणसं चालवणं कुठल्याही यंत्रणेला परवडणारं नाही. पण पावसाळ्यात धबधब्यापाशी जाण्याचीच बंदी हा वेगळा निर्णय आहे, आणि त्याला उत्तर म्हणून जंगलातली पायवाट, मोजकी माणसं, स्थानिक वाटाड्या अशी सोय तेव्हाच उभी करता आली असती. शिक्षेचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, वाटेची चर्चा फारशी कुणी केली नाही.

पावसाळा संपला की कुळेचा दुसरा हंगाम सुरू होतो, जीपचा. धबधब्याभोवतीचं जंगल 1969 पासून अभयारण्य, त्यातला गाभा 1978 पासून राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे खासगी गाडी आत नेता येत नाही. ऑक्टोबर ते मे या काळात लाइफ जॅकेट घालून, सात जणांत वाटून घेतलेल्या जीपमधून जायचं. सुरुवातीच्या दिवसांत नदी ओलांडताना पाणी पायापर्यंत येतं, चालक एका हाताने दार धरतो आणि गियर न बदलता पलीकडे काढतो. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, ट्रकवाल्यांचं काम गेलं, तेव्हापासून या हंगामाचं वजन आणखी वाढलं. म्हणूनच 2024 च्या हंगामात बुकिंग सरकारी महामंडळाने करायचं की जीपमालकांच्या काउंटरवर व्हायचं, यावरून एवढं पेटलं की जीपा बंद राहिल्या. बाहेरच्याला तो तिकीटखिडकीचा वाद वाटला. कुळेतल्या घरांत तो आठ महिन्यांच्या कमाईचा होता.

त्याच्या काही वर्षं आधी घाटात दुसरा रूळ टाकायचा प्रस्ताव आला होता. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा वाढेल, आणि त्यासाठी जंगल कापलं जाईल, म्हणून गोव्यात मोठं आंदोलन झालं. 2020 च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या चांदर गावात लोक रात्रभर रुळांपाशी बसले. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. पुरेसा अभ्यास करून नवा प्रस्ताव आणायची मुभा मात्र ठेवली आहे.