मासेमारी जहाजावरचा पुढचा महिना

ब्रिटिशांनी एनिग्मा हे सांकेतिक यंत्र पळवले आणि जर्मन नौदलाचे संदेश उलगडले, असा समज सर्वत्र रूढ आहे. ‘म्युन्शेन’ आणि ‘लाउएनबुर्ग’ या दोन जर्मन ट्रॉलरांची, म्हणजे मासेमारी जहाजांची, हकिकत मात्र काही वेगळेच सांगते.

मध्य अक्षवृत्तांत हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवरच्या हवामानाच्या नोंदी मिळेनाशा झाल्यावर जर्मनीला पुढचा अंदाज बांधणे अवघड झाले. म्हणून नौदलाने मासेमारीचे ट्रॉलर ताब्यात घेऊन आइसलँड आणि यान मायेन बेटाच्या परिसरात धाडले. खवळलेल्या समुद्रात आठवडेच्या आठवडे तग धरणारी ही जहाजे तापमान, वायुभार आणि वारा यांच्या नोंदी सांकेतिक रूपात पाठवीत.

एनिग्माची खरी ताकद यंत्रात नव्हती, त्याच्या मांडणीत होती. नौदलाच्या यंत्रात आठांपैकी तीन फिरत्या चकत्या निवडून क्रमाने बसवाव्या लागत. हे 336 प्रकारे करता येते. शिवाय पुढच्या फळीवर दहा तारांनी अक्षरांच्या दहा जोड्या जुळवायच्या, त्याचे पर्याय सुमारे दीड लाख अब्ज. पाठवणारा आणि घेणारा यांची मांडणी तंतोतंत सारखी असेल तरच संदेश उलगडतो. ही मांडणी रेडिओवरून कळवणे धोक्याचे, म्हणून ती महिनाभराच्या तक्त्यांवर, पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापून आधीच दिली जाई. साहजिकच, महिना ओलांडून समुद्रात राहणाऱ्या जहाजाला पुढच्या महिन्याचा तक्ताही सोबत न्यावा लागे.

ही फट ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संकेतभेद केंद्रामधल्या हॅरी हिन्स्ली या 22 वर्षांच्या तरुणाने हेरली. हल्ला होताच खलाशी यंत्र आणि चालू महिन्याचे कागद समुद्रात फेकतील, पण पुढच्या महिन्याचे कागद वेगळे ठेवलेले असल्याने मागे राहतील, असा त्याचा तर्क होता. 7 मे 1941 रोजी ‘म्युन्शेन’ हाती लागले आणि जूनचे तक्ते मिळाले. 28 जून रोजी ‘लाउएनबुर्ग’वरून जुलैचे. एका अलौकिक बुद्धिमंताने एकट्याने एनिग्मा फोडले, ही आवडती दंतकथा या कागदांना विसरते. तिथल्याच ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाची पद्धत थोर होतीच, परंतु तिला खाद्य लागत होते आणि ते या ट्रॉलरांनी पुरवले.

तिसरे हवामान-जहाज पकडले असते तर जर्मनांना संशय आला असता, म्हणून शिकार तिथेच थांबवण्यात आली. तोवर साठलेल्या अनुभवाच्या बळावर ऑगस्टपासूनचे संदेश ब्लेचली पार्कने नव्या तक्त्यांविना उलगडले.