बॉस्टन ब्रेव्हज संघाचा १९१४ चा हंगाम

जुलैच्या मध्यापर्यंत आठ संघांच्या नॅशनल लीगमध्ये तळाशी असलेल्या बॉस्टन ब्रेव्हज संघाने १९१४ साली ती स्पर्धा साडेदहा सामन्यांच्या आघाडीने (विजय व पराभव या दोन्हींतील फरकांची सरासरी काढून हे अंतर मोजतात) जिंकली आणि त्यानंतर जागतिक मालिकेत, म्हणजे नॅशनल व अमेरिकन या दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम लढतीत, फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सला सलग चार सामन्यांत हरवले. अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात हा संघ ‘मिरॅकल ब्रेव्हज’ म्हणून ओळखला जातो. तथापि या यशाला केवळ चमत्कार म्हटल्यास त्यामागचे डावपेच आणि खेळाडूंची मेहनत झाकली जाते.

१९१२ मध्ये ब्रेव्हज १०१ सामने हरून शेवटच्या क्रमांकावर राहिले होते. १९१३ साली जॉर्ज स्टॉलिंग्ज व्यवस्थापक (म्हणजे संघ निवडणारे व डावपेच ठरवणारे प्रशिक्षक) झाले आणि त्याच वर्षी संघ पाचव्या स्थानावर आला. १९१४ च्या आरंभी शिकागो कब्जकडून जॉनी एव्हर्स हा अनुभवी दुसऱ्या बेसचा (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांपैकी एकाचा) क्षेत्ररक्षक मिळाला व त्याच्याकडे कर्णधारपद आले. कब्जच्या १९०७ आणि १९०८ च्या जगज्जेत्या संघांतून तो खेळलेला होता. त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षकाच्या, जागी चपळ, अंगाने लहानखुरा रॅबिट मॅरनव्हिल होता. या जोडीच्या क्षेत्ररक्षणाने पिचरांना (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यांना) मोठा आधार दिला.

सुरुवात मात्र अत्यंत वाईट झाली. पहिल्या २२ सामन्यांपैकी फक्त चार जिंकता आले. ४ जुलैला ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी झालेले दोन्ही सामने गमावल्यावर संघाची स्थिती २६ विजय व ४० पराभव अशी होती आणि अग्रस्थानी असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सपासून तो १५ सामने मागे होता. त्यानंतर लगेचच बफेलोच्या दुय्यम श्रेणीतील संघाने एका प्रदर्शनी सामन्यात ब्रेव्हजला १०-२ असे हरवले.

येथून पुढे संघाने ८७ पैकी ६८ सामने जिंकले. या काळात चेंडू फारसा दूर जात नसे, होम रन (फलंदाजाला सर्व बेस पार करून धाव मिळवून देणारे फटके) विरळ असत आणि सामने बहुधा कमी धावांत निकाली निघत. त्यामुळे ज्याच्याकडे चांगले पिचर, त्याचे पारडे जड राही. डिक रुडॉल्फ आणि बिल जेम्स यांनी त्या हंगामात प्रत्येकी २६ सामने जिंकून दिले, तर डावखुऱ्या लेफ्टी टायलरने १६. फलंदाजीत तेवढे सामर्थ्य नव्हते. ही उणीव स्टॉलिंग्ज यांनी बाह्यक्षेत्रातील खेळाडू आलटून-पालटून खेळवून भरून काढली: समोर उजव्या हाताचा पिचर असला की डावखुरे फलंदाज, आणि डावखुरा असला की उजव्या हाताचे, कारण विरुद्ध हाताच्या पिचरचा चेंडू फलंदाजाला सहसा सोपा जातो. ही पद्धत त्यांनीच शोधली असे म्हणता येणार नाही, परंतु पूर्ण हंगामभर इतक्या सातत्याने ती राबवून विजेतेपद मिळवल्यामुळे इतर व्यवस्थापकांना तिचे मोल पटले. स्टॉलिंग्ज यांच्या कामगिरीतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल.

ऑगस्टच्या उत्तरार्धात ब्रेव्हजने जायंट्सची बरोबरी गाठली. साउथ एंड ग्राउंड्स हे त्यांचे जुने मैदान वाढत्या गर्दीला अपुरे पडू लागले, तेव्हा अमेरिकन लीगमधील बॉस्टन रेड सॉक्सने आपले फेनवे पार्क त्यांना वापरायला दिले. ७ सप्टेंबरला, कामगार दिनाच्या सुटीत, तेथे जायंट्सविरुद्ध सकाळी एक व दुपारी एक असे दोन सामने झाले आणि त्यांना मिळून ७० हजारांहून अधिक प्रेक्षक आले. सकाळचा सामना ब्रेव्हजने ५-४ असा जिंकला, दुपारचा १०-१ असा गमावला. दुसऱ्या दिवशी ८-३ असा विजय मिळवून त्यांनी अग्रस्थान घेतले, ते पुन्हा सोडले नाही. हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नावावर ९४ विजय व ५९ पराभव होते. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा चाल्मर्स पुरस्कार एव्हर्सला मिळाला.

व्यवस्थापक कॉनी मॅक यांचा ॲथलेटिक्स संघ १९१०, १९११ व १९१३ चा जगज्जेता असल्याने मालिकेत त्याचेच पारडे जड मानले जात होते. पहिल्या सामन्यात रुडॉल्फने ७-१ असा विजय मिळवून दिला. दुसऱ्यात जेम्सने प्रतिपक्षाला केवळ दोन हिट (फलंदाजाला बेस गाठून देणारे फटके) दिल्या आणि नवव्या डावातील एकमेव धावेवर सामना जिंकला गेला. फेनवे पार्कवरील तिसरा सामना बरोबरीमुळे नेहमीच्या नऊऐवजी बारा डाव चालला. दहाव्या डावात ॲथलेटिक्सने दोन धावांची आघाडी घेतली होती, पण कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा खेळाडू) हँक गाउडीच्या होम रनपासून ब्रेव्हजने पुन्हा बरोबरी साधली. बाराव्या डावात गाउडीनेच दोन बेसचा फटका मारला, त्याच्या जागी लेस मॅन धावण्यासाठी उतरला आणि पिचर जो बुशच्या चुकीच्या फेकीवर विजयी धाव घेऊन आला. चौथा सामना रुडॉल्फने ३-१ असा जिंकून दिला. जागतिक मालिका सलग चार सामन्यांत संपण्याची ही पहिलीच वेळ होती. मालिकेत गाउडीची फलंदाजीची सरासरी .५४५ होती, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा त्याने हिट मिळवली.

पराभवानंतर मॅक यांनी आपला संघ मोडला आणि १९१५ मध्ये ॲथलेटिक्स तळाला गेले. ब्रेव्हजने ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रेव्हज फील्ड हे नवे मैदान उघडले, पण त्या वर्षी ते दुसरे आले. दुखापतग्रस्त जेम्सची कारकीर्द जवळपास थांबली. ब्रेव्हजने पुढे १९४८ साली नॅशनल लीग पुन्हा जिंकली, मात्र बॉस्टनमध्ये असताना जागतिक मालिका त्यांना परत जिंकता आली नाही. १९५३ मध्ये हा संघ मिलवॉकीला हलवण्यात आला.