लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : प्रकार आणि निवड

तीव्र लठ्ठपणा आणि त्यासोबत येणारा टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे अशा विकारांवर उपचार म्हणून जठराची, लहान आतड्याची किंवा दोन्हींची रचना बदलणाऱ्या शस्त्रक्रियांचा गट. व्यवहारात यांना बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. कातडीखालची चरबी शोषून काढणारे लायपोसक्शन यात येत नाही. सध्या स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळीसारखे जठर ठेवणे), रू-वाय बायपास आणि मिनी बायपास (दोन्हींत जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडणे, म्हणजे अन्न मधला भाग वगळून जाते) हे तीन प्रकार प्रामुख्याने केले जातात.

उगम : पहिली शस्त्रक्रिया कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. स्वीडनमधील गॉथनबर्गचे व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी १९५२ च्या सुमारास लहान आतड्याचा लांब तुकडा कापून काढला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात रिचर्ड वर्को यांनी १९५३ च्या सुमारास आतड्याचा बायपास केल्याचे सांगितले जाते. मात्र त्यांनी त्याचा वृत्तांत त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. त्याच विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व सहकाऱ्यांचा निबंध १९५४ मध्ये आला. त्यातील मुख्य प्रयोग कुत्र्यांवरचे होते. हेन्रिक्सन यांनी आतडे कापून टाकले होते, वळवले नव्हते. वर्को यांच्या कामाला समकालीन लेखी पुरावा नाही. म्हणून बायपासचा आरंभ १९५४ पासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. या जुन्या आतडे-बायपासने वजन उतरत असे, पण सततचे जुलाब, मूतखडे आणि यकृत निकामी होणे यांमुळे तो पुढे सोडून द्यावा लागला.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन सहसा वाढत नाही. त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह १९६६ मध्ये जठर-बायपास सुरू केला. मूळ पद्धतीत आतड्याचा वेटोळा सरळ जठराला जोडलेला असे व पित्त वर चढे. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी तेथे ‘वाय’ आकाराची जोडणी वापरली. ‘रू’ हे नाव स्विस शल्यविशारद सेझार रू यांचे. रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ पासून वेटोळ्याची जोडणी लांब, अरुंद पिशवीसह पुन्हा आणली. हाच मिनी बायपास. लांब पिशवीमुळे पित्ताचा प्रश्न पूर्ण सुटला की केवळ कमी झाला, यावर एकमत नाही.

स्लीव्ह मुळात स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हती. ड्युओडीनल स्विच या मोठ्या शस्त्रक्रियेचा ती पहिला भाग होती. अतिशय वजनदार रुग्णांना दोन्ही भाग एकदम झेपत नसत, म्हणून २००० च्या सुमारास मिशेल गॅग्नर प्रभृतींनी ते दोन टप्प्यांत विभागले. पहिल्याच टप्प्यावर अनेकांचे वजन पुरेसे उतरल्याने दुसरा टप्पा मागे पडला. जठराच्या वरच्या भागाभोवती आवळायचा बँड, जो एके काळी फार लोकप्रिय होता, आता क्वचितच बसवतात.

तंत्र : स्लीव्हमध्ये तोंडावाटे साधारण ३६ ते ४० फ्रेंच मापाची, म्हणजे सुमारे १२ ते १३ मिमी जाडीची नळी जठरात सोडतात. जठराच्या खालच्या दारापासून ४-६ सेंमी. अंतरावरून स्टेपलर लावायला सुरुवात करून नळीच्या कडेने वर जातात. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग निघतो. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक ज्या भागात सर्वाधिक तयार होते, तो वरचा फुगीर भागही त्यात जातो. मधल्या वळणावर नळी आवळली गेली तर उलट्या थांबत नाहीत. स्टेपलच्या शिवणीतून गळती झाली तर बहुधा अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ. रू-वाय बायपासमध्ये जठराची सुमारे ३० मिलि.ची पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला जोडतात. काढलेला भाग परत येत नाही, म्हणून स्लीव्ह उलटवता येत नाही. बायपास कष्टाने का होईना, उलटवता येतो. ‘स्लीव्ह म्हणजे किरकोळ’ हा रुग्णांमध्ये आढळणारा समज त्यामुळे तपासून घेण्यासारखा आहे.

निवड : किती किलो उतरतील एवढ्यावर निवड करणे अपुरे ठरते. पहिला प्रश्न छातीतल्या जळजळीचा. फिनलंडमधील तुलनात्मक चाचणीत दहा वर्षांनंतर अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के, तर बायपासनंतर ७ टक्के रुग्णांत आढळला. जादा वजनातील घट अनुक्रमे सुमारे ४३ व ५२ टक्के होती. बॅरेट विकाराचे (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा, कर्करोगाचा धोका वाढवणारा बदल) प्रमाण मात्र दोन्हींकडे सारखेच, ४ टक्के निघाले. आधीच्या काही अहवालांतील भीती त्या मानाने जास्त होती. तरीही तीव्र जळजळ किंवा बॅरेट असेल तर रू-वाय बायपासच इष्ट. शस्त्रक्रियेपूर्वी एंडोस्कोपी करून घेणे म्हणूनच महत्त्वाचे.

मधुमेहात २०१७ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या गटाने मांडलेली गुणपद्धती उपयोगी आहे. मधुमेहाचा काळ, औषधांची संख्या, इन्सुलिन आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेचा सरासरी अंदाज देणारी तपासणी) यांवरून ती तीव्रता ठरवते. मध्यम गटात बायपास सरस ठरतो. फार जुन्या, तीव्र मधुमेहात दोन्हींचा लाभ जवळपास सारखाच मर्यादित असल्याने कमी धोक्याची स्लीव्ह सुचवली जाते.

तिसरा मुद्दा पोषणाचा. बायपासनंतर लोह, कॅल्शियम व बी-१२ आयुष्यभर घ्यावे लागतात. स्लीव्हनंतरही पूरके व रक्ततपासणी चुकत नाही. फ्रान्समधील चाचणीत मिनी बायपासने वजनघट रू-वायइतकी साधली, परंतु जुलाब व पोषणाच्या तक्रारी वाढल्या. शाकाहारी रुग्णात बी-१२ आधीच कमी असण्याची शक्यता असते. त्यात वरचेवर उपवास असतील तर प्रथिनांचा हिशेब आधी आहारतज्ज्ञाकडे मांडावा. धूम्रपान करणाऱ्यांना बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका वाढतो. जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त. बायपासनंतर उरलेल्या जठरात एंडोस्कोप सहज पोहोचत नाही, म्हणून तेथे स्लीव्हकडे कल आहे.

पात्रता : १९९१ च्या अमेरिकी सहमतीनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) ४०, किंवा सहविकार असल्यास ३५, ही मर्यादा होती. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार सुचवला आहे. भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत मात्र ४० व ३५ हेच आकडे आहेत. त्यामुळे वैद्यकीय दृष्ट्या पात्र असलेल्या अनेकांना खर्च स्वतः करावा लागतो, आणि हे शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवण्याआधीच विचारून घ्यावे लागते.