मशीन घेण्याआधी तुमचे पाणी ओळखा

आमच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न असतो, "आरओ केवढ्याला?" आमचा उलटा प्रश्नही ठरलेला: "पाणी कुठलं येतं तुमच्याकडे?" इथे बरेच जण अडखळतात. आधी म्हणतात कॉर्पोरेशनचे, मग आठवते की उन्हाळ्यात टँकर येतो आणि बोअरचे पाणीही त्याच टाकीत सोडलेले आहे. किंमत सांगण्याआधी आम्हाला नेमके हेच कळायला हवे असते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलान-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडले आणि नळाच्या पाण्यावरचा लोकांचा विश्वासच उडाला. भीती खोटी नव्हती. पण तपासात बोट गेले ते मुख्यतः कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूकडे. तो उकळल्याने मरतो, क्लोरीनने मरतो, यूव्हीने म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्यानेही मरतो. त्यासाठी आरओ लागत नाही. उलट त्याच दिवसांत महापालिकेने त्या भागातली काही खासगी आरओ केंद्रे बंद केली. म्हणजे आरओचा बोर्ड बघून जार आणणारेही निर्धास्त नव्हते.

आरओचे खरे काम क्षार काढण्याचे. पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटर दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्यांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. खडकवासला धरणाचे पाणी मुळातच मऊ, म्हणजे कमी क्षारांचे. ग्राहकांकडचे निव्वळ महापालिकेचे पाणी मोजले की आमच्या मीटरवर आकडा बहुतेकदा दीडशेच्या आत असतो. अशा पाण्याला आरओ लावला की चव पचपचीत होते आणि एक लिटर पाण्यामागे साधारण तीन लिटर गटारात जाते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही ५०० च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालण्याचे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते. आरओ विकण्यात आम्हाला जास्त पैसे सुटतात, हे लपवत नाही. पण सहा महिन्यांनी तुम्ही चवीची तक्रार घेऊन येता, तेव्हा उत्तर आम्हालाच द्यावे लागते.

बोअरची गोष्ट वेगळी. तूरडाळ शिजता शिजत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, गीझरची कॉइल वर्षभरात जाते, अशी लक्षणे असतील तर आधी टीडीएस मोजा. आकडा ५०० च्या वर गेला तर आरओ जरूर घ्या. बाहेर पडणारे पाणी बादलीत धरा, लादी पुसायला आणि संडासात टाकायला चालते. नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर पाणी कितीही उकळा, ते जात नाही. पाणी आटते तसे प्रमाण वाढतेच.

आता एका खेळाबद्दल. दारावर येणारा विक्रेता दोन ग्लास मांडतो, एकात तुमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचे. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवतो. मिनिटाभरात नळाचे पाणी तपकिरी होऊन वर साका येतो. घरातल्या आजी घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसतो, लोखंडी कांडी झिजून आलेला असतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते म्हणून हे होते. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने ते स्वच्छ दिसते. पुन्हा कोणी आला तर त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि कांड्या बुडवायला सांगा. तेही तसेच तपकिरी होते.

बहुतेक घरांत खरा घोळ टाकीत असतो. महापालिका पाण्यात क्लोरीन घालते. नळापर्यंत त्यातले लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरावे, असे मानक सांगते. पण सोसायटीच्या खालच्या टाकीत, मग वरच्या टाकीत पाणी पडून राहिले की तेही संपते. आम्ही गच्चीवर झाकण उघडतो तेव्हा कबुतराची पिसे आणि तळाला बोटभर गाळ हे नेहमीचेच. खालच्या टाकीला तडा असेल आणि शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर विचारूच नका. सहा महिन्यांतून एकदा टाकी धुऊन घ्या, मीटिंगमध्ये भांडावे लागले तरी.

घरी काय करता येते? पावसाळ्यात गढूळ पाणी आले तर तुरटी फिरवून निवळू द्या आणि सुती कापड चार पदरी करून गाळा. पूर्वी निवळीचे बी उगाळत, तेही याचसाठी. मात्र यात फक्त गाळ बसतो, जंतूंचा भरवसा नाही. ते मारायला उकळणे सगळ्यात खात्रीचे. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते; अर्धा तास गॅस जाळू नका. सिलिंडर परवडत नसेल तर मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचे थेंब वापरा. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते. थेंब घातल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. वास राहिला तर राहू दे, तो क्लोरीन शिल्लक असल्याची खूण आहे. कार्बनचा फिल्टर तो वास काढतो, जंतू मारत नाही. यूव्हीला पाणी नितळ आणि वीज चालू लागते. दिव्याची मुदत संपली तरी तो निळा दिसत राहतो, म्हणून बसवल्याची तारीख मशीनवर चिकटवा. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवणाऱ्यांनी जरूर ठेवावे, पण दूषित पाण्यावर तो इलाज नव्हे.

आणि एवढे करून हंड्यात हात घालून पेला बुडवू नका! लांब दांड्याचे ओगराळे ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या.

येताना स्वच्छ बाटलीत पाणी आणा: एक बाटली नळाची, एक टाकीची, चिठ्ठी लावून. टीडीएस मोजायचे पैसे घेत नाही. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, म्हणून काउंटरवर जंतू तपासायच्या एचटूएसच्या छोट्या बाटल्याही ठेवल्या आहेत. तुमचे पाणी त्यात भरून घरी ठेवा. एक-दोन दिवसांत काळे पडले तर उकळायला लागा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करा, आम्हाला नंतर. रविवारी दुकान बंद असते.