डॉक्टरांना शिकवणारे पेशंट

इंग्लंडमध्ये २०२२ च्या आरोग्य कायद्याने एक गोष्ट सक्तीची केली. आरोग्य आणि देखभाल सेवेत काम करणाऱ्या प्रत्येकाने बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम यांचं प्रशिक्षण घ्यायचं. सरकारने त्यासाठी पुढे केलेल्या प्रशिक्षणाला ऑलिव्हर मॅकगोवन या तरुणाचं नाव आहे. शिकवणाऱ्यांमध्ये स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली माणसंही असतात. इथवर यायला अर्धं शतक लागलं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांनी स्वतःची बाजू स्वतः मांडायची, ही चळवळ १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या तरुणांच्या मंडळांतून सुरू झाली. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ‘पीपल फर्स्ट’ ही त्यांची संघटना उभी राहिली. राहायचं कुठे, काम काय करायचं, यावर ही माणसं बोलू लागली. दवाखान्यात मात्र डॉक्टर सोबतच्या नातेवाइकालाच विचारत राहिले.

लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयाने ही रीत लवकर मोडली. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती तिथे प्रशिक्षक म्हणून भावी डॉक्टरांसमोर उभ्या राहू लागल्या. अशा माणसांचे सल्ले आजही साधेच असतात: आधी मला विचारा, मग आईला. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा. सुई टोचण्याआधी दाखवा. गर्दीच्या ओपीडीत ताटकळत ठेवू नका, पहिला नंबर द्या. यातल्या कशालाच महागडं यंत्र लागत नाही, म्हणून तर न ऐकण्याचा राग येतो.

न ऐकण्याचा हिशेब २००७ मध्ये उघड झाला. ‘मेनकॅप’ या संस्थेने सरकारी आरोग्यसेवेतल्या सहा मृत्यूंची कहाणी मांडली. त्यातला एक जण ४३ वर्षांचा होता. पक्षाघातानंतर त्याला गिळता येत नव्हतं आणि रुग्णालयात २६ दिवस त्याच्या पोटात अन्न गेलं नाही. पुढच्याच वर्षी सर जोनाथन मायकेल यांच्या चौकशीने व्यवस्थेतल्या उणिवा मान्य केल्या. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी वार्षिक आरोग्य तपासणीही त्याच सुमारास सुरू झाली. आज ती वयाच्या चौदाव्या वर्षापासून पुढे मिळते. २०१३ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या अभ्यासात २४७ मृत्यू तपासले गेले. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतर पुरुषांपेक्षा सरासरी १३ वर्षं आणि स्त्रिया इतर स्त्रियांपेक्षा २० वर्षं आधी जात होत्या. एक कारण डॉक्टरांच्या सवयीत आहे. माणूस डोकं आपटतो, तर ‘तो असाच आहे’ म्हणून सोडून देतात. दाढ दुखतेय का, हे कुणी बघत नाही.

ऑलिव्हर १८ वर्षांचा होता. त्याला ऑटिझम होता, फिट येत आणि सौम्य बौद्धिक अक्षमता होती. मानसिक आजारांवरची काही औषधं त्याला पूर्वी सोसली नव्हती. ती देऊ नका, असं त्याने आणि आईवडिलांनी ब्रिस्टलच्या रुग्णालयात सांगितलं होतं. तरीही तसलंच औषध दिलं गेलं. त्याची गंभीर रिअ‍ॅक्शन येऊन नोव्हेंबर २०१६ मध्ये तो गेला. हे सक्तीचं प्रशिक्षण त्याच्या आईच्या लढ्यातून आलं.

न विचारण्याचा आपल्याकडचा इतिहासही जवळचाच आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढण्यात आली. कारण दिलं गेलं मासिक पाळीतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. ज्यांच्या शरीरावर सुरी चालली त्यांचं म्हणणं त्या निर्णयात कुठेच नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा यायला त्यानंतर २२ वर्षं लागली. त्याच्या कलम १० नुसार मूल होण्याची क्षमता संपवणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येत नाही.

त्याच कायद्याचं कलम ४७ डॉक्टर आणि नर्सच्या अभ्यासक्रमात अपंगत्वाचा विषय घ्यायला सांगतं. तो शिकवायला पुण्या-मुंबईतल्या विशेष कार्यशाळांत काम करणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींना वर्गात बोलवावं, आणि इतर शिक्षकांसारखं त्यांनाही मानधन द्यावं.