मंडळी आणि बंद दरवाजे : नागपूरच्या ख्रिस्ती उपासनाजीवनाची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा ख्रिस्ती उपवासकाळ अर्ध्याहून अधिक सरला होता. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू होता, दोन दिवसांनी देशभर सर्व व्यवहार थांबले, आणि त्यानंतर आलेला ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार (पाम संडे), १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), वर्षातील हे सर्वांत महत्त्वाचे दिवस, नागपुरातील सदर, मोहननगर, अजनी, जरीपटका अशा सर्व भागांतील ख्रिस्ती कुटुंबांनी घरातच पाळले. उपासनेला कोणी येऊच शकत नसेल तर मंडळी उरते का, हा प्रश्न त्या दिवसांत अनेकांनी फार कळकळीने विचारला. हा प्रश्न नागपूरला नवा नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत तो या शहरात निरनिराळ्या कारणांनी पुन्हापुन्हा उभा राहिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर बिशपांच्या पत्रांपेक्षा सामान्य कुटुंबांच्या रोजच्या वागण्यातून अधिक मिळाले आहे.

येथे शब्दांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. एका चर्चमध्ये एकत्र उपासना करणाऱ्या समुदायाला कॅथलिक कुटुंबांत ‘पॅरिश’ किंवा ‘धर्मग्राम’ म्हणतात. प्रॉटेस्टंट परंपरेत ‘मंडळी’ हा शब्द रूढ आहे. मराठीत घरच्या माणसांनाही आपण मंडळीच म्हणतो. ‘आमची मंडळी गावाला गेली आहेत’ या वाक्यात इमारतीचा विचार कुठेच नसतो. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरातून हा शब्द ख्रिस्ती समाजात रुजला आणि त्याने एक जाणीव कायम ठेवली, की देऊळ विटांचे असले तरी मंडळी माणसांची असते. नागपूरच्या ख्रिस्ती लोकांना या जाणिवेची गरज इतर अनेक शहरांपेक्षा जास्त भासली, कारण येथे त्यांच्या डोक्यावरचे राज्य, प्रांत, चर्चची व्यवस्था आणि पगार देणारा हात हे सर्व वारंवार बदलत गेले.

प्रारंभ छावणीतून झाला. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसल्यांवर इंग्रजांचा वचक बसला आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी वसली. तेथील पलटणी मुख्यतः मद्रास सैन्याच्या असल्यामुळे त्यांच्याबरोबर तमिळ आणि तेलुगू बोलणारे ख्रिस्ती शिपाई, नोकरचाकर आणि त्यांची कुटुंबे आली. आजही नागपूर-कामठीच्या अनेक जुन्या ख्रिस्ती घराण्यांत आडनाव एका भाषेचे, घरातले बोलणे दुसऱ्या भाषेचे आणि प्रार्थना तिसऱ्या भाषेत असा प्रकार आढळतो, त्याचे मूळ या छावणीत आहे. पलटण हलली की उपासकही हलत. रविवारी बाकांवर कोण असेल हे लष्करी हुकमावर ठरत असे.

१८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी नागपुरात आले. कामठीतील एका लष्करी अधिकाऱ्याच्या देणगीतून या कार्याची कल्पना पुढे आली होती. हिस्लॉप यांच्या चर्चचा स्वतःचा इतिहास येथे लक्षात घेतला पाहिजे. १८४३ मध्ये स्कॉटलंडमधील साडेचारशेच्या आसपास पाळकांनी, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या धर्मगुरूंनी, पाळक नेमण्यात जमीनदारांचा आणि सरकारचा हात नको या एका मुद्द्यावर, आपली चर्चे, आपली राहती घरे आणि आपले ठरलेले उत्पन्न सोडले होते. म्हणजे नागपुरात पहिली मराठी मंडळी बांधू पाहणारा माणूस ज्या चर्चमधून आला होता, ते चर्च दोनच वर्षांपूर्वी छप्पर गमावून उघड्यावर उपासना करीत होते. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. सरकारचा आधार गृहीत धरायचा नाही, ही शिकवण घेऊनच ते आले होते, आणि नागपुरात ती लगेच कसाला लागली: शहर भोसल्यांचे, छावणी कंपनीची, आणि मिशनची शाळा या दोहोंच्या मध्ये. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले, आणि तीन वर्षांत, जून १८५७ मध्ये, नागपूरच्या घोडदळातील उठावाचा बेत फुटून शहरात धरपकड झाली. एका पिढीच्या आत तीन राजवटींच्या सावलीत राहिलेली ही लहानशी मंडळी होती.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून बोरीकडे परतताना पुराने भरलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. भूगर्भशास्त्रात त्यांचे नाव ‘हिस्लोपाइट’ या खनिजामुळे राहिले आणि नागपूरकरांच्या बोलण्यात १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉप कॉलेजमुळे. मंडळीच्या दृष्टीने मात्र त्या रात्रीचा अर्थ वेगळा होता. अठरा वर्षे जिच्यावर भिस्त ठेवली ती व्यक्ती एका रात्रीत गेली आणि तरीही उपासना, शाळा आणि बाप्तिस्मे थांबले नाहीत.

कॅथलिक बाजूचा प्रवास समांतर चालला. सव्हॉय प्रांतातील आनेसी येथील संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू १८४० च्या दशकात विशाखापट्टणमला आले आणि नागपूर-कामठीचा सारा प्रदेश बराच काळ त्या दूरच्या किनाऱ्यावरून सांभाळला गेला. सदरमधील त्यांची शाळा १८७० ची आहे. ११ जुलै १८८७ रोजी नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या देखरेखीखालचा प्रदेश, झाला आणि आलेक्सी रिकाझ हे पहिले बिशप झाले. त्याच वर्षी बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि पुढे रेल्वे वसाहतींतील अँग्लो-इंडियन व गोवेकर कुटुंबांनी शहरातील कॅथलिक उपासकांची संख्या वाढवली. आज ज्या टेकड्यांना सारे नागपूर सेमिनरी हिल्स म्हणते, त्यांचे नाव तेथील सेंट चार्ल्स सेमिनरीवरून, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयावरून, पडले. सायंकाळी तेथे फिरायला जाणाऱ्या फार थोड्यांना ते ठाऊक असते.

अँग्लिकनांचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील लोकांचे, ऑल सेंट्स चर्च सदरमध्ये १८५१ पासून उभे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूरला अँग्लिकन बिशपपद निर्माण झाले आणि आयर चॅटरटन पहिले बिशप झाले. इंग्रजी अधिकाऱ्यांसाठी नेमलेल्या चॅपलनांचा (धर्मगुरूंचा) पगार सरकारी तिजोरीतून येत असे, त्यामुळे या चर्चला राज्यकर्त्यांचे चर्च समजले जाई. १९३० मध्ये भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले आणि हा धागा सैल पडू लागला.

याच काळाशी नागपूरचा आणखी एक संबंध आहे. कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी पुढे लिहिलेल्या अभंगांनी आणि भजनांनी मराठी मंडळीला स्वतःचा आवाज दिला. साहेबाचा धर्म हा आरोप ज्यांना रोज ऐकावा लागे, त्यांच्यासाठी ओवी-अभंगाच्या चालीत प्रार्थना करता येणे हा फार मोठा आधार होता, आणि पेटी, मृदंग व टाळ घेऊन घराच्या ओसरीवर भजन करण्याची रीत त्यातूनच पक्की झाली.

स्वातंत्र्यानंतरचे दशक सर्वांत अस्थिर होते. अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून जाऊ लागली. १९ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर महाधर्मप्रांत झाला आणि यूजीन डिसोझा पहिले आर्चबिशप झाले. लगेच १९५४ च्या एप्रिलमध्ये मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी तेव्हा नागपूरच होती, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १४ जिल्ह्यांत फिरून ७७ ठिकाणी ११,३६० लोकांशी संपर्क साधला आणि ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. कॅथलिकांनी पुढे सहकार्य थांबवले आणि उच्च न्यायालयात दाद मागितली, परंतु अर्ज फेटाळला गेला. १९५६ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध झालेल्या अहवालात, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे अशी शिफारस होती.

शिफारशीच्या योग्यायोग्यतेची चर्चा आजही होते. येथे मला लक्ष वेधायचे आहे ते सामान्य उपासकाकडे. ज्याचे आजोबा बाप्तिस्मा घेऊन गेले, जो स्वतः रेल्वेत किंवा मिशनच्या दवाखान्यात नोकरी करीत होता, त्याला आपण या देशाचे पूर्णपणे आहोत की नाही हे कागदावर तपासले जात असल्याची भावना झाली, आणि परदेशी पाळक गेले तर शाळा कोण चालवणार, दवाखान्याचा खर्च कोण भागवणार, हे अतिशय व्यावहारिक प्रश्न मंडळीच्या बैठकांत येऊन ठेपले. अहवाल आला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती नियोगी स्वतःही होते. धर्म बदलण्याच्या प्रश्नाने त्या वर्षी नागपूर किती ढवळून निघाले होते, हे या एका गोष्टीवरून कळते. अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपद गेले आणि शहर द्विभाषिक मुंबई राज्यात आले. मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये जबरीच्या वा आमिषाच्या धर्मांतराला बंदी घालणारा धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला तेव्हा नागपूर महाराष्ट्रात होते. ज्या अहवालाची सर्वाधिक धास्ती नागपूरने घेतली, त्याच्या वाटेने झालेला कायदा नागपूरला लागूच झाला नाही.

वर सांगितलेल्या व्यावहारिक प्रश्नांचे एक मोठे उत्तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात मिळाले. तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळापूर्वीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार होता. ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्च होते, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एक्केचाळीस वर्षे. अमेरिकी परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, आणि एकाच मोहल्ल्यातील सोयऱ्याधायऱ्यांची नावे दोन वेगळ्या चर्चांच्या याद्यांत कायम राहिली. त्याची खंत वडीलधाऱ्यांनी बरीच वर्षे बोलून दाखवली.

एकीकरणाची खरी कसोटी बाप्तिस्म्यावर होती. बाप्टिस्टांना समजत्या वयात, स्वतःच्या कबुलीने घेतलेला बाप्तिस्माच मान्य; अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळाला देत. नव्या चर्चने दोन्ही पद्धती शेजारीशेजारी ठेवल्या. नागपुरात, जिथे प्रामुख्याने अँग्लिकन आणि जुन्या स्कॉटिश मिशनच्या मंडळ्या एकत्र येत होत्या, अडचणी अधिक घरगुती होत्या: गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचे की बाकावर बसून, पाळकाने झगा घालायचा की साधा कोट, मंडळीतील ज्येष्ठांच्या सभेचे अधिकार बिशपाकडे किती जाणार. ज्यांनी आपल्या आईला एका पद्धतीने प्रार्थना करताना पाहिले होते, त्यांना दुसऱ्या पद्धतीशी जुळवून घेताना जड गेले. एकत्र राहण्याचा निर्णय त्यांनी तरीही निभावला, याचे मोल मला इमारतींपेक्षा अधिक वाटते.

कॅथलिकांत याच सुमारास, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, लॅटिन मिस्सेची (मुख्य उपासनाविधीची) जागा लोकभाषांनी घेतली, आणि नागपूरसारख्या शहरात त्याचा अर्थ मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम अशा वेगवेगळ्या वेळांच्या मिस्सा असा झाला.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे २०२० चे चित्र वेगळे दिसते. माझ्या परिचयाच्या एका घरात उत्तम शुक्रवारी दुपारी बारापासून तीनपर्यंत मोबाइल पोळपाटाला टेकवून ठेवला होता. येशूची क्रूसावरची सात वचने पाळक आपल्या घरातून वाचत होते आणि रेंज गेली की आजी पुढचे वचन पाठ म्हणत होती, म्हणजे पाळकांचा आवाज परत येईपर्यंत खंड पडत नसे. घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभांची सवय नसती तर हे साधले नसते. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, उघडली. पुढच्या वर्षी ४ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार झाला आणि दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा बंद झाली, ती थेट ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेला उघडण्यासाठी. मधल्या एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात दुसऱ्या लाटेने जे केले ते येथे सांगण्याची गरज नाही. ख्रिस्ती कुटुंबांचे सर्वांत मोठे दुःख दफनविधीचे होते. जेथे एरवी शंभर माणसे गात गात कबरीपर्यंत जातात, तेथे संरक्षक पोशाखातील चौघे आणि दूर उभे पाळक एवढेच असत.

त्या काळातील एका मंडळीची नोंदवही मी नंतर पाहिली. बाप्तिस्म्याच्या पानांवर मार्च २०२० नंतर कितीतरी महिने एकही ओळ नव्हती, विवाहाच्या पानांवर तुरळक होत्या, आणि दफनाची पाने मात्र एकामागून एक भरत गेली होती, सर्व एकाच हाताच्या अक्षरात, तारीख, वय आणि पत्ता न चुकता लिहून. ऑक्टोबर २०२१ नंतर बाप्तिस्म्याच्या रकान्यात पहिले नाव आले. त्या मुलीला तिच्या आजीचे नाव ठेवले होते, आणि तेच नाव दफनाच्या पानांवर सहा महिने आधी लिहिलेले होते.